कॅमेऱ्याची बॅग घेताना आधी ती रिकामी तोलून पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या रविवार पुरवणीत सुट्टीच्या प्रवासासाठी बॅगा कशा निवडाव्यात यावर लेख आला होता. लेख उपयोगी होता. पण विमानाने जाणाऱ्यांनी कॅमेऱ्यासाठी जाड कवचाची, चाकांची पेटी घ्यावी, असा जो सल्ला त्यात दिला आहे तो वाचून राहवले नाही. गाडीच्या डिकीत ठेवायला अशी पेटी उत्तम. विमानात मात्र तीच पेटी कॅमेरा आपल्यापासून तोडते. कशी, ते सविस्तर लिहिते.

मी मिरजेत बॅगा शिवते. आमचे घराणे मूळचे गवसण्या, म्हणजे वाद्यांच्या कापडी खोळी शिवणारे. सतार, तंबोऱ्याला गवसणी शिवायची म्हणजे भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी हाताने मोजून कापड बेतायचे, हे काम मी सासूबाईंकडून शिकले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आमच्या गल्लीतही पेढे वाटले गेले. हल्ली मात्र दुकानात गवसण्यांपेक्षा कॅमेऱ्याच्या बॅगा जास्त येतात. सांगली, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), कऱ्हाडची फोटोग्राफर मुले लग्नाच्या कामाला उदयपूर, गोव्याला जातात, कोणी जंगलाचे फोटो काढायला राजस्थान, मध्य प्रदेशात जातात. जाण्याआधी पट्टा घट्ट करून घ्यायला येतात आणि आल्यावर फाटलेली चेन बदलायला. विमानात बॅगेचे काय काय होते, ते मला या मुलांकडून आणि त्यांच्या बॅगांकडून कळते.

आता मुद्दा. आपल्याकडे देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर केबिनमध्ये एक बॅग नेता येते आणि तिचे वजन ७ किलोंच्या आत लागते. माप बहुतेक ठिकाणी ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. या ७ किलोंत बॅगेचे स्वतःचे वजनही धरतात, आणि नेमके हेच दुकानात कोणी सांगत नाही. बॅगेच्या चिठ्ठीवर ‘३० लिटर’, ‘वॉटरप्रूफ’, ‘केबिन साइज’ असे सगळे ठळक छापलेले असते, रिकाम्या बॅगेचे वजन शोधून सापडत नाही. जाड कवचाच्या पेट्यांत जगभर नावाजलेली, केबिनच्या मापाची पेलिकन १५१० ही पेटी आतल्या फोमसह सुमारे सहा किलोंची आहे. म्हणजे पेटी तोलली की उरला एक किलो. एवढ्यात एक कॅमेरा बसला तर बसला, लेन्सला जागा नाही. अशी पेटी घेऊन आलेला एक मुलगा माझ्या काट्यावर ती ठेवून म्हणाला, “काकी, सहा किलो नुसती पेटीच भरली, मग मी नेऊ काय?” पैसे देऊन झाले होते, दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता.

लग्नाचे काम करणाऱ्या फोटोग्राफरचे सामान मी कागदावर मांडते, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर येईल. दोन कॅमेरे, बॅटरीसह प्रत्येकी ७५० ग्रॅम धरले तर दीड किलो. २४-७० ची (हे आकडे झूमच्या पल्ल्याचे, मिलिमीटरमध्ये) लेन्स ९०० ग्रॅम. ७०-२०० ची १ किलो ४०० ग्रॅम. एक छोटी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स ४०० ग्रॅम. फ्लॅश अर्धा किलो. बॅटऱ्या, चार्जर, कार्डे मिळून आणखी अर्धा किलो. बेरीज ५ किलो २०० ग्रॅम. बॅगेच्या वाट्याला राहिले १ किलो ८०० ग्रॅम. कंपनीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चाकांच्या ट्रॉलीला ही मर्यादा पाळणे जवळजवळ अशक्य आहे, कारण चाके, ओढायचा दांडा आणि त्याची चौकट यांतच वजन जाते. पाठीवरची मऊ बॅग मात्र या वजनात चांगली मजबूत शिवता येते. लॅपटॉप मी यात धरलेला नाही. तो वेगळा नेता येतो की नाही, हे ज्या कंपनीचे तिकीट असेल तिच्या नियमात पाहावे.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, बॅग घ्यायला जाताना घरातला छोटा लटकवायचा काटा सोबत न्या आणि रिकामी बॅग दुकानातच तोला. पावणेदोन किलोंच्या वर असेल तर रंग, खिसे, सवलत काही बघू नका.

मापाचीही अशीच गोष्ट. ‘केबिन साइज’ असे छापलेल्या पुष्कळ बॅगा अमेरिकेतल्या मापाने केलेल्या असतात. तिथे २२ × १४ × ९ इंच चालते. सेंटिमीटरमध्ये ते साधारण ५६ × ३६ × २३ होते, म्हणजे आपल्याकडच्या मापापेक्षा लांबी-रुंदीला थोडे जास्तच. मऊ बॅग असेल तर एखादा सेंटिमीटर दाबला जातो, कवचाची पेटी दबत नाही. आणि माप घेताना चाके, मूठ, फुगलेला पुढचा खिसा सगळे धरून घ्यायचे असते. पुढच्या खिशात जेवणाचा डबा कोंबला की २५ चे २९ कधी झाले ते कळत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले तो भाग. आपल्या भागातून विमान म्हणजे कोल्हापूरचे उजळाईवाडी नाहीतर पुण्याचे लोहगाव. सांगलीजवळ कवलापूरचे विमानतळ होईल तेव्हा आपलीही सोय होईल. छोट्या विमानतळांवरून एटीआर ७२ सारखी पंख्यांची विमाने बरीच उडतात. त्यांत डोक्यावरचे कप्पे लहान असतात. वजन बरोबर, माप बरोबर, तरी विमानाच्या पायऱ्यांपाशी कर्मचारी म्हणतात, “ही बॅग खाली द्यावी लागेल.” त्यांचेही चुकत नाही, वर जागाच नसते. पण त्या क्षणी ज्याच्या बॅगेत दोन-चार लाखांचे सामान आहे त्याच्या पोटात गोळा येतो. मागे रांग, वरून ऊन, हातात बोर्डिंग पास. अशा वेळी माणूस बॅग देऊन मोकळा होतो.

इथे बॅगेची बनावट कामाला येते. ज्या बॅगेचे कप्पे बॅगेलाच शिवलेले असतात ती सगळीच्या सगळी द्यावी लागते. ज्या बॅगेत कप्पे असलेला आतला खोका सुटा असतो, फोटोग्राफर ज्याला ‘इनर’ म्हणतात, त्याची चेन उघडून तो खोका बाहेर काढता येतो. त्याला स्वतःची मूठ असली की हातात धरून आत न्यायचा आणि पुढच्या सीटखाली सरकवायचा. बाहेरची रिकामी बॅग, जॅकेट, चार्जरच्या वायरी खाली गेल्या तर जाऊ देत. माझ्या एका गिऱ्हाइकाची बॅग पायऱ्यांपाशी अशीच मागितली. त्याने इनर काढून छातीशी धरला आणि नम्रपणे विचारले, हा सीटखाली ठेवला तर चालेल का? चालला. दुसऱ्या एकाला कप्पे शिवलेली बॅग तशीच द्यावी लागली. परत मिळाली तेव्हा वरून एक ओरखडाही नव्हता, पण ७०-२०० ची लेन्स कॅमेऱ्यावर लावली की डुगडुगत होती. आत ती कॅमेऱ्याला जोडलेलीच ठेवली होती आणि आपटल्यावर सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे कॅमेऱ्याला जोडतात त्या कडीवर आला होता. तेव्हा हेही लिहून ठेवते की, जड लेन्स प्रवासात कॅमेऱ्यापासून सोडवून, दोन्हीकडून झाकणे लावून वेगळ्या कप्प्यात ठेवावी.

इनरचे माप असे ठेवावे की तो सीटखाली जाईल. मी साधारण ४० × २८ × १६ सेंटिमीटरचा शिवते. भिंतीला पाच मिलिमीटरची ईव्हीए शीट (टणक फोमचा पत्रा), बुडाला दहा. बॅग आपण खाली टेकवतो तेव्हा मार बुडालाच बसतो, आणि बाजारातल्या बॅगांत तिथेच कंजुषी केलेली असते. बॅगेच्या तळाशी बाहेरून अंगठा दाबून पाहा. आतून लगेच टणक लागले पाहिजे आणि बोट काढताच तळ पूर्वीसारखा झाला पाहिजे. खड्डा राहिला तर आत स्वस्तातला स्पंज आहे असे समजावे. असा स्पंज काही वर्षांत पिवळा पडतो, चुरगळतो, त्याची बारीक पूड सुटते. जुन्या बॅगांची अस्तरे उसवताना ती पूड माझ्या बोटांना चिकटते, साबणानेही लवकर जात नाही. तीच पूड लेन्सच्या मागच्या काचेवर आणि सेन्सरवर बसते.

आतल्या पट्ट्यांना दोन्ही टोकांना वेल्क्रो हवा आणि पट्टी लेन्सइतकी उंच हवी. बुटकी पट्टी असेल तर दोन लेन्स वरच्या बाजूने एकमेकींवर आदळतात. लेन्स कप्प्यात हलता कामा नये, पण दोन बोटांनी ओढली तर यावी, इतकी घट्ट बसवावी. हे बसवायला घरी अर्धा तास जातो. तो द्यावा.

बॅग पूर्ण उघडणारी हवी, याचेही कारण विमानतळावरचे आहे. सुरक्षा तपासणीत पुष्कळदा कॅमेरा, लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. वरून तोंड असलेल्या बॅगेत हात घालून एकेक वस्तू वर काढावी लागते, आणि घाईत लेन्स निसटते ती तिथेच. ज्या बॅगेची पाठीकडची बाजू तिन्ही अंगांनी चेन फिरवून पुस्तकासारखी उघडते, तिच्यात सगळे एका नजरेत दिसते. पाठीकडून उघडणाऱ्या बॅगेचा आणखी एक फायदा, गर्दीत मागून कोणी चेन उघडू शकत नाही. पुण्याला एसटीने किंवा रेल्वेने जाऊन पुढे विमान धरणाऱ्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको. चेन दहा नंबरची असावी, निदान आठची; नंबर मोठा तितके दात जाड. पाच नंबरची चेन बॅग गच्च भरली की कोपऱ्यावर दात सोडते.

पट्टे पाहताना कापडापेक्षा शिलाई पाहा. पट्टा बॅगेच्या पाठीला जिथे जोडलेला असतो तिथे शिलाईचा चौकोन आणि चौकोनात फुली दिसली पाहिजे. नुसती एक आडवी शिवण असेल तर सात किलोंना ती टिकणार नाही. मग पट्ट्याचे टोक आत किती गेले आहे ते चाचपा. दोन बोटांइतके तरी आत गेलेले हवे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्याहून जास्त बॅगा याच जागी उसवलेल्या असतात, आणि त्यांत महागड्या बॅगाही असतात. कमरेचा जाड पट्टा डोंगर चढणाऱ्यांसाठी चांगला, पण तो वजन खातो. सुटा निघणारा असेल तरच घ्यावा आणि विमानाच्या दिवशी चेक-इनच्या बॅगेत टाकावा.

बॅटऱ्यांविषयी जरा थांबून लिहिते, कारण इथे प्रश्न एकट्याच्या सामानाचा राहत नाही, अख्ख्या विमानाचा होतो. कॅमेऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकायच्याच नसतात, त्या केबिनमध्येच न्यायच्या. बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये माणसे आहेत, ती विझवू शकतात. विमानाच्या पोटात कोणी पोहोचू शकत नाही. आता हे पायऱ्यांपाशी मागितलेल्या बॅगेला लावून पाहा. घाईत दिलेल्या बॅगेतून बॅटऱ्याही खाली जातात. म्हणून बॅटऱ्यांचा बटवा इनरमध्ये किंवा बॅगेच्या सगळ्यात वरच्या खिशात, हात घातला की येईल असा ठेवावा. मी तो लाल कापडाचा शिवते, म्हणजे विसर पडत नाही. प्रत्येक बॅटरीला तिचे प्लॅस्टिकचे झाकण लावावे. ते हरवले असेल तर धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. खिशातल्या किल्ल्या किंवा नाणी दोन टोकांना एकदम टेकली की शॉर्ट होतो.

बॅटऱ्यांची मर्यादा वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्यावर असते. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात, १६० च्या वरची नेता येत नाही. बॅटरीवर आकडा नसेल तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणावे; आकडा मिलिअँपिअर-अवरमध्ये असेल तर आधी त्याला हजाराने भागावे. कॅमेऱ्याची साधी बॅटरी ७.२ व्होल्ट, २२८० मिलिअँपिअर-अवर म्हणजे साधारण १६ वॉट-अवर, काळजी नाही. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर भरते, तीही चालते. व्हिडिओवाल्यांच्या कॅमेऱ्यामागे बसवायच्या मोठ्या व्ही-माउंट बॅटऱ्या मात्र घेतानाच पाहाव्यात. १४.८ व्होल्ट, ६.६ अँपिअर-अवरची साधारण ९८ ला येते आणि मर्यादेत बसते. तिच्या दुप्पट क्षमतेची घेतलीत तर ती प्रवासी विमानात चढणारच नाही.

जाड कवचाच्या पेटीला मी नावे ठेवत नाही. तंबोरा विमानाच्या पोटात जाणार असेल तर मी गिऱ्हाइकाला गवसणी विकत नाही, फायबरची पेटीच करून घ्या म्हणते. मऊ कापड भोपळा वाचवू शकत नाही. तसेच लाइट, स्टँड, ट्रायपॉड, स्क्रू-ड्रायव्हर, कटर हे सगळे चेक-इनला जाणार, त्याला कडक पेटी जरूर घ्या. साधारण १५ किलो खाली जातातच. जे आपल्या हातात राहणार आहे त्यालाच हलकी बॅग हवी, एवढाच फरक मला सांगायचा आहे.

कॅमेरा हातातच का राहिला पाहिजे, याचे आणखी एक कारण फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. देशांतर्गत विमानप्रवासात सामान हरवले किंवा मोडले तर प्रवाशाला मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये आहे. एवढ्यात ७०-२०० च्या चांगल्या लेन्सचे झाकणच काय ते सुरक्षित राहील, लेन्स नाही. शिवाय कॅमेरा, दागिने, कागदपत्रे अशा किमती वस्तू चेक-इनमध्ये टाकू नका, असे कंपन्यांच्या अटींत लिहिलेलेच असते. कर्ज काढून कॅमेरा घेतलेल्या मुलांनी सामानाचा वेगळा विमा उतरवावा आणि कॅमेरा-लेन्सच्या सिरियल नंबरचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. परदेशी जाणाऱ्यांनी निघताना विमानतळावर कस्टमकडून महागड्या सामानाचे निर्यात प्रमाणपत्र करून घ्यावे, म्हणजे परतताना तेच सामान नवे घेतले म्हणून शुल्काचा वाद होत नाही. बॅगेत पाठीच्या बाजूला एक सपाट, कोरडा खिसा या कागदांसाठी असू द्यावा.

आपल्या नदीकाठच्या माणसांसाठी एक अवांतर. फोम ओल धरतो. २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे ज्या बॅगा आल्या त्यांतल्या बऱ्याच वरून वाळलेल्या होत्या, आतला स्पंज मात्र आठवड्यांनंतरही दमट होता आणि त्यात ठेवलेल्या लेन्सवर बुरशीचे जाळे धरले होते. पुराचे सोडा, नुसत्या पावसाळ्यातही प्रवासाहून आल्यावर कॅमेरा बॅगेत तसाच ठेवू नये. इनर सुटा असला की तो काढून उन्हात उलटा घालता येतो, हाही त्याचा फायदाच.

दुकानदार बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे की, बॅगेच्या किमतीशेजारी रिकाम्या बॅगेचे वजन आणि बाहेरून घेतलेले माप सेंटिमीटरमध्ये लिहावे. खडूने लिहिले तरी चालेल. आणि विमान कंपन्यांनी पायऱ्यांपाशी बॅग मागताना प्रवाशाला दोन मिनिटे द्यावीत आणि “बॅटऱ्या काढल्या का? कॅमेरा आहे का?” एवढे दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न तर त्यांच्याच सुरक्षेचा आहे.

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि ही मुले गावोगाव निघतात. त्याआधी हे पत्र छापले गेले तर बरे होईल. ज्यांच्याकडे चांगली बॅग आहे पण तिचे कप्पे तिलाच शिवलेले आहेत, त्यांनी नवी घेण्याची गरज नाही. कप्पे उसवून वेगळा खोका करता येतो. त्याचा कागदी बेत मी दुकानात ठेवला आहे. कोणीही यावे, आपल्या बॅगेच्या मापाने उतरवून न्यावा आणि गावातल्या शिंप्याकडून शिवून घ्यावा. त्याचे पैसे नाहीत.

कळावे,
आपली नियमित वाचक,
गवसण्या व बॅगा शिवणारी एक गृहिणी,
मिरज, जि. सांगली